वार फेकू नका : गाय गाभडण्यामागचे जिवाणू

सकाळी धारेला गोठ्यात जावं आणि सातव्या महिन्यातल्या गाभण गाईच्या मागे ओलं, मेलेलं वासरू पडलेलं दिसावं. पापण्यांवर आणि शेपटीच्या टोकाला केस नुकतेच फुटलेले, खूर अजून मऊ. वार, म्हणजे पोटात वासराला पोसणारा मांसल पडदा, अर्धी बाहेर लोंबतेय. आणि गाय? ती निवांत रवंथ करतेय. ताप नाही, चाऱ्यावर तोंड आहे, डोळे स्वच्छ.

मग तर्क सुरू होतात. दुसरीचं शिंग लागलं असेल. रात्री घसरली असेल. तर्क चालू असतानाच वासरू लांब नेऊन टाकलं जातं, वार उकिरड्यावर जाते, जमिनीवर पाणी मारलं जातं. डॉक्टर येतात तेव्हा तपासायला उरते ती फक्त गाय, आणि ती तर ठणठणीत. बहुतेक चौकशा इथेच, पहिल्या तासाभरात संपतात असं माझं मत आहे. कारण पुरावा गाईत कमी आणि खाली पडलेल्या वारेत जास्त असतो, नेमका तोच आपण सर्वांत आधी नाहीसा करतो.

शिंगाचा आणि घसरण्याचा मुद्दा आधीच मिटवून टाकू. गर्भ पाण्याच्या पिशवीत तरंगत असतो. त्या पिशवीभोवती गर्भाशय, त्याभोवती आतडी आणि भलंमोठं पोट. इतक्या गाद्यांमधून धक्का आत पोचून गाभ पडणं फार क्वचित घडतं. जिवाणूंना मात्र धक्का द्यावाच लागत नाही, ते रक्तावाटे थेट दारात पोचतात.

बटणं आणि काजं

हे दार म्हणजे वार. गाईचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा. या सगळ्या काळात वासराचं खाणं, पिणं आणि श्वास घेणं वारेतूनच चालतं. गाईच्या गर्भाशयाच्या आतल्या बाजूला शंभराच्या आसपास मांसल उंचवटे असतात. वारेवर त्याच जागी मखमलीसारख्या लालभडक चकत्या असतात. बटण काजात बसावं तशी एकेक चकती एकेका उंचवट्यावर घट्ट बसते. पडलेली वार जमिनीवर पसरून पाहिली की या चकत्या ओळीने दिसतात. निरोगी वारेत त्या गडद लाल आणि मऊ असतात, आणि त्यांच्या मधला पडदा इतका पातळ असतो की त्यातून पलीकडचा हात दिसावा.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे प्रयोगशाळेत तिचा फार उपयोग होतो. या बटणांमध्ये आईचं रक्त आणि वासराचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मधल्या थरांमधून प्राणवायू जातो, साखर जाते, पण आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, जात नाहीत. म्हणून गाईचं वासरू रोगप्रतिकाराच्या बाबतीत कोरं जन्मतं, आणि म्हणूनच जन्मल्याबरोबर त्याला चीक पाजण्याचा इतका आग्रह धरतात. पोटातल्या वासरालाही आईचं संरक्षण नसतं. साधारण गाभणकाळाच्या मध्यावर ते स्वतःची प्रतिपिंडं बनवायला लागतं, तोवर आत शिरलेल्या जिवाणूला अडवणारं जवळजवळ कुणी नसतं.

जिवाणू बटणापर्यंत पोचला की गाभ पडण्याचे दोन-तीन रस्ते असतात. कधी चकत्यांना सूज येते, त्या सडतात, आणि वासराचा प्राणवायू हळूहळू तुटतो. कधी जिवाणू पुढे वासराच्या रक्तात जातो आणि ते आतच दगावतं. कधी गाईलाच जोराचा ताप येतो, जिवाणूंचं विष रक्तात पसरतं, आणि गाभ टिकवून धरणारं संप्रेरक बनवणारी अंडाशयावरची गाठ विरघळून जाते.

यातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग वेगळाच आहे. पूर्ण दिवस भरल्यावर गाय विते, तेव्हा ‘आता बाहेर यायचं’ हा पहिला इशारा वासराकडूनच निघतो. त्याच्या मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीतून कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सुटतं आणि त्यातून पुढची साखळी सुरू होते. आजारी, गुदमरलेल्या वासराच्या अंगातही तेच कॉर्टिसॉल सुटतं. साखळी तीच, फक्त दोन-तीन महिने आधी. म्हणजे कित्येकदा गाय गाभ ‘टाकत’ नाही. कोंडीत सापडलेलं वासरूच बाहेर पडायला बघतं.

गाभ कितव्या महिन्यात गेला, यावरूनही बरंच कळतं. पहिल्या ४२ दिवसांत गेला तर काही पडलेलं दिसतच नाही, गाय फक्त पुन्हा माजावर येते आणि आपण म्हणतो ‘उलटली’. पुढे वासरू पोटात मरून तसंच राहिलं, तर दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात. गर्भाशयाचं तोंड बंद असेल आणि आत जिवाणू नसतील, तर वासरातलं पाणी शोषलं जाऊन ते सुकतं, चामड्यासारखं, काळपट-तपकिरी होतं. आत जिवाणू असतील तर ते कुजतं, मांस विरघळतं आणि सुटी हाडं उरतात. सुकलेलं वासरू निघालं तर जिवाणूंवरचा संशय कमी करायला हरकत नाही.

ब्रुसेला : गोड जागा शोधणारा

जिवाणूंमुळे होणाऱ्या गर्भपातात पहिलं नाव ब्रुसेला अबॉर्टसचं. आजार ब्रुसेलोसिस, मराठीत सांसर्गिक गर्भपात. त्याचा शोध तुकड्यातुकड्यांनी लागला. डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरला १८८७ मध्ये माल्टा बेटावर, तापाने मेलेल्या सैनिकांमध्ये एक जिवाणू सापडला. दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यांना गाभडलेल्या गाईंमध्ये एक जिवाणू मिळाला. या दोघांचा काही संबंध असेल असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. अमेरिकेत अॅलिस इव्हान्स यांनी १९१८ मध्ये दाखवून दिलं की दोन्ही जिवाणू एकाच घराण्यातले आहेत, आणि कच्च्या दुधातून गाईचा आजार माणसाला होऊ शकतो. त्यांचं म्हणणं बरीच वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे त्यांना स्वतःलाच या आजाराने ग्रासलं.

हा जिवाणू गाईच्या अंगात जातो तो मुख्यतः तोंडावाटे. दुसऱ्या गाईचं मेलेलं वासरू किंवा वार चाटली, त्या स्रावाने माखलेला चारा खाल्ला, की झालं. आत गेल्यावर तो लसिकाग्रंथींमध्ये जाऊन बसतो, आणि बसतो तो नेमका त्याला मारायला आलेल्या पेशींच्या पोटात. चोराने पोलीस चौकीतच खोली घ्यावी तसं. गाय गाभण नसेल तर तो तिथे, विशेषतः कासेजवळच्या ग्रंथींत, गुपचूप पडून राहतो. गाईला काहीच होत नाही.

गाय गाभण राहिली की त्याचे दिवस पालटतात. गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक साखरेसारखी गोष्ट भरपूर असते, आणि ब्रुसेलाला ती इतकी प्रिय की ग्लुकोज समोर असलं तरी तो आधी तिच्यावर तुटून पडतो. वारेतल्या पेशी जिवाणूंनी ठासून भरतात आणि फुटतात. चकत्या पिवळट पडतात, मधला पातळ पडदा जाड, चिवट, चामड्यासारखा होतो. साधारण पाचव्या महिन्यानंतर, बऱ्याचदा सातव्याच्या आसपास, गाभ पडतो. त्यानंतर वार अडकणं हेही नेहमीचंच, कारण सुजलेली बटणं काजातून सुटत नाहीत.

माणूस फसतो तो यानंतर. तीच गाय पुढच्या वेताला बहुतेक वेळा पूर्ण दिवसांचं, जिवंत वासरू देते. मालकाला वाटतं, मागच्या वेळी काहीतरी अपघात झाला, आता गाय बरी आहे. बरी झालेली नसते, ती आजाराशी जुळवून घेते. जिवाणू अंगात आयुष्यभर राहू शकतो, दर वेताला वारेतून आणि स्रावातून, आणि एरवी दुधातून बाहेर पडतो. अशा गाईशेजारी नव्याने आणलेल्या, आजार कधी न पाहिलेल्या कालवडी बांधल्या की गाभडण्याची लाट येते. लोक नव्या कालवडींना दोष देतात. दोष असतो जुन्या, धडधाकट दिसणाऱ्या गाईचा.

अशी गाय ओळखायची कशी? रोझ बेंगाल नावाची तपासणी पाहण्यासारखी आहे. पांढऱ्या पाटीवर गाईच्या रक्तातल्या पाण्याचा, म्हणजे सीरमचा, एक थेंब टाकतात. शेजारी गडद गुलाबी रंगाचा थेंब, ज्यात मारलेले, रंगवलेले ब्रुसेला असतात. दोन्ही काडीने मिसळून पाटी चार मिनिटं हलकेच डोलवतात. सीरममध्ये प्रतिपिंडं नसतील तर थेंब सरबतासारखा एकसारखा गुलाबी राहतो. असतील तर बघता बघता त्यात कण धरतात, दूध फाटावं तसे. दुधावरची तपासणीही अशीच देखणी. दुधात निळ्या-जांभळ्या रंगाने रंगवलेले जिवाणू घालून नळी उबेला ठेवतात. प्रतिपिंडं असतील तर ती जिवाणूंना दुधातल्या स्निग्ध कणांना चिकटवतात, साय वर येते, आणि तिच्यासोबत रंगही वर येऊन निळं कडं दिसतं. नसतील तर साय पांढरी आणि खालचं दूध निळं. अनेक गाईंच्या एकत्र दुधावरही ही तपासणी चालते, त्यामुळे सबंध कळपाचा पहिला अंदाज एका नळीत मिळतो. नंतर एकेका गाईचं रक्त तपासायचं आणि एलायझासारख्या चाचणीने खात्री करायची.

इंजेक्शन देऊन गाय बरी करता येईल का, हा प्रश्न हमखास येतो. व्यवहारात नाही. पेशींच्या आत दडलेल्या जिवाणूपर्यंत औषध पुरेसं पोचत नाही, आणि वरवर बरी दिसणारी गाय जिवाणू सांडतच राहते. म्हणून ज्या देशांनी हा आजार हटवला त्यांनी तो औषधाने हटवला नाही. बाधित जनावरं शोधून कळपाबाहेर काढली आणि कालवडींना लस टोचली.

लशीची जन्मकथा गमतीची आहे. अमेरिकेतल्या जॉन बक या शास्त्रज्ञाने १९२३ मध्ये एका जर्सी गाईच्या दुधातून ब्रुसेला वेगळा केला होता. ती कुपी प्रयोगशाळेत साध्या तापमानाला वर्षभराहून जास्त काळ तशीच राहिली. नंतर पाहिलं तर जिवाणू जिवंत होता, पण त्याचा दंश गेला होता. तोच स्ट्रेन १९. आजही ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना हीच लस जगभर मोठ्या प्रमाणावर दिली जाते, आणि ती आयुष्यात एकदाच. लस जिवंत जिवाणूंची असल्यामुळे दोन पथ्यं सांभाळावी लागतात. नर वासराला आणि गाभण गाईला ती द्यायची नाही, आणि टोचणाऱ्याने सुई स्वतःच्या बोटात घुसवून घ्यायची नाही. तसं झालं तर माणसाला तोच आजार होऊ शकतो.

माणसातला हा आजार चिवट आहे. संध्याकाळी चढणारा आणि सकाळी उतरणारा ताप, रात्री दरदरून घाम, कंबर आणि सांधे धरणं, पुरुषांमध्ये वृषणाची सूज. महिनोन्महिने कुणाला काही उमगत नाही, कारण डॉक्टरला ‘घरी जनावरं आहेत, मागे एक गाय गाभडली होती’ हे कुणी सांगतच नाही. निदान झालं तर दोन प्रतिजैविकं जोडीने, किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. हा जिवाणू दूध उकळल्याने मरतो, पाश्चरीकरणानेही मरतो. खरा धोका कच्च्या दुधाचा, आणि त्याहून मोठा धोका अडकलेली वार उघड्या हातांनी ओढणाऱ्याला.

लेप्टो : लघवीतून येणारा

लेप्टोस्पायरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बारीक मळसूत्रासारखा दिसतो, टोकं आकड्यासारखी वळलेली. प्रश्नचिन्हासारखा दिसतो म्हणून त्याच्या एका जातीचं नावच इंटरोगन्स पडलं. माणसांना पावसाळ्यातल्या साचलेल्या पाण्यामुळे हा माहीत असतो, आणि लोक उंदरांपाशी थांबतात. गाईंच्या बाबतीत उंदीर हा एकच आरोपी नाही. लेप्टोचे अनेक उपप्रकार आहेत. त्यातल्या हार्डजोने गाईलाच घर केलंय. तो तिच्या मूत्रपिंडात महिनोन्महिने राहतो आणि लघवीतून बाहेर पडतो. शेजारच्या गाईच्या डोळ्यांत, नाकात, जखमेवर शिंतोडा उडाला तरी पुरे. पोमोना हा उपप्रकार डुकरांकडून येऊ शकतो, आणि तो आला की एकदम अनेक गाई गाभडतात. वासरांची लघवी लाल होते, ती मुख्यतः याच्या बाबतीत.

लेप्टोचा एक कावा म्हणजे वेळेचं अंतर. गाईला संसर्ग होतो तेव्हा थोडा ताप येऊन जातो, तोही बहुधा कुणाच्या ध्यानात येत नाही. गाभ पडतो त्यानंतर काही आठवड्यांनी, सहसा शेवटच्या तीन महिन्यांत. तोवर गाईच्या रक्तातली प्रतिपिंडं चढून उतरणीला लागलेली असू शकतात. पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने दोन वेळा रक्त घेऊन ‘पातळी वाढली का’ हे पाहायची नेहमीची युक्ती इथे दगा देऊ शकते. वासरू बऱ्याचदा आत मरून मग बाहेर पडलेलं असतं, त्यामुळे ते मऊ पडलेलं, सुटायला आलेलं असतं.

दुभत्या गाईत मात्र एक खूण पकडता येते. चारी सडांचं दूध एकदम आटतं, जे येतं ते चिकासारखं घट्ट, पिवळट, कधी रक्ताची झाक असलेलं. आणि तरीही कास मऊ असते, गरम नाही, दुखत नाही. दगडी, म्हणजे कासेचा दाह, होते तेव्हा कास टणक होते, सहसा एखाद-दुसरा सडच बिघडतो. चारी सड बिघडलेले आणि कास मात्र लोण्यासारखी, असं दिसलं तर लेप्टोची शंका घ्यावी.

ब्रुसेलाच्या मानाने लेप्टोत हाताशी बरंच काही आहे. स्ट्रेप्टोमायसिन किंवा ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखी औषधं, पशुवैद्यकाच्या सांगण्याप्रमाणे, जिवाणूला मूत्रपिंडातून हुसकावून लावू शकतात. लसही आहे, पण ती ज्या उपप्रकाराची त्याच्यापुरतीच. आणि हा जिवाणू कोरडेपणाला घाबरतो. गोठ्यात डबकी साचू न देणं, लघवी वाहून जाईल असा उतार काढणं ही कामं कंटाळवाणी आहेत, पण औषधाच्या बरोबरीने उपयोगी पडतात.

वळूकडून येणारा पाहुणा

कॅम्पायलोबॅक्टर फीटसचा एक उपप्रकार फक्त रेतनातून पसरतो. वळूच्या लिंगावरच्या कातडीच्या बारीक सुरकुत्यांत तो राहतो. वय वाढतं तशा त्या सुरकुत्या खोल होतात, म्हणून चार-पाच वर्षांवरचा वळू कायमचा वाहक होण्याची शक्यता अधिक. वळूला स्वतःला काहीच त्रास नसतो, त्याची मर्दानगी, त्याचं वीर्य, सगळं उत्तम. त्यामुळे त्याच्यावर संशय जायलाच फार उशीर होतो.

इथे पडलेलं वासरू हाती लागणं विरळाच. बहुतेक गर्भ इतक्या लवकर मरतात की गाय फक्त उलटत राहते. पण उलटण्याची लय बिघडलेली असते. गाभ राहिलाच नसेल तर गाय २१ दिवसांनी माजावर येते. गाभ राहून मग मेला असेल तर ३०, ३५, ४० दिवसांनी, कसंही. दावणीवर टांगलेल्या वहीत अशा वेड्यावाकड्या तारखा दिसू लागल्या, आणि त्या सगळ्या गाई एकाच वळूकडे नेलेल्या असल्या, तर गाईंना टॉनिक पाजत बसण्यापेक्षा वळू तपासून घ्यावा. थोड्या गाई चौथ्या ते सहाव्या महिन्यात खरोखर गाभडतात. काही महिन्यांनी गाईंच्या अंगात प्रतिकार येतो आणि त्या गाभ धरू लागतात. वळू मात्र तसाच राहतो, पुढच्या कालवडींची वाट बघत. तपासलेल्या वळूंच्या वीर्याने कृत्रिम रेतन केलं की ही साखळी तुटते. वीर्य गोठवण्याआधी त्यात प्रतिजैविकं मिसळतात, ती याच पाहुण्यांसाठी.

गव्हाणीतून येणारे

काही जिवाणू दुसऱ्या जनावराकडून येतातच असं नाही. लिस्टेरिया मातीत, शेणात, कुजक्या पालापाचोळ्यात असतोच. त्याला उधाण येतं ते बिघडलेल्या मुरघासात, म्हणजे खड्ड्यात दाबून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात. मुरघास नीट दाबून, हवाबंद झाला की त्यात आंबटपणा येतो आणि लिस्टेरिया दबून राहतो. खड्डा नीट झाकला नाही, कापडाला भोक पडलं, कडेला माती मिसळली, तर तेवढ्या भागात आंबटपणा कमी पडतो आणि तिथे तो बेसुमार वाढतो. ४ अंश सेल्सिअसला, म्हणजे फ्रिजच्या थंडीतही, तो वाढत राहतो, त्यामुळे थंडीचा भरवसा नाही. असा मुरघास खाल्लेल्या एखाद्-दुसऱ्या गाईचा गाभ शेवटच्या महिन्यांत पडतो. वासराच्या यकृतावर टाचणीच्या टोकाएवढे पिवळट ठिपके दिसू शकतात. त्याच कळपात एखादं जनावर मान एका बाजूला वळवून गोल गोल फिरत असेल, तर तोही लिस्टेरियाच, फक्त गर्भाशयाऐवजी मेंदूत शिरलेला. बुरशी दिसणारा, काळा पडलेला, उबट वासाचा कडेचा मुरघास वाया जातो म्हणून गाभण गाईपुढे टाकणं हा मला सर्वांत महाग पडणारा काटकसरीचा प्रकार वाटतो.

बॅसिलस लायकेनिफॉर्मिस भिजून बुरसटलेल्या गवतातून येतो. साल्मोनेला डब्लिन हा गाईला ताप आणि घाणेरडी हगवण लावून गाभ पाडतो, कधी हगवणीशिवायही पाडतो. ट्रूपेरेला पायोजेनीस तर गाईच्या नाका-घशात एरवीही राहणारा. कुठे गळू झालं, खूर सडला, कास बिघडली, की तिथून रक्तात उतरून गर्भाशय गाठतो. प्रयोगशाळेत सुट्या, एकट्यादुकट्या गर्भपातांत तो वरचेवर सापडतो. त्याच्यामुळे कळपच्या कळप गाभडत नाही.

कॉक्सिएला बर्नेटीचा उल्लेख माणसांसाठी करायला हवा. १९३०च्या दशकात ऑस्ट्रेलियात कत्तलखान्यातल्या कामगारांना एक अनाकलनीय ताप येऊ लागला. कारण कळेना म्हणून डॉक्टरांनी त्याला क्यू फीव्हर म्हटलं, क्यू म्हणजे क्वेरी, प्रश्न. उत्तर मिळालं तरी नाव तेच राहिलं. गाईत हा अनेकदा काहीच लक्षण दाखवत नाही, कधी गाभ पाडतो. पण वारेत तो प्रचंड संख्येने असतो, वार वाळली की धुळीत मिसळतो, आणि ती धूळ श्वासातून आत गेली तरी माणूस आजारी पडू शकतो. गरोदर बाईने आणि हृदयाची झडप बिघडलेल्या माणसाने वारेच्या आसपासही जाऊ नये.

पहिल्या तासात काय करायचं

गाभडण्याची सगळीच कारणं जिवाणूंची नसतात. विषाणू आहेत, निओस्पोरासारखे एकपेशीय परजीवी आहेत, बुरशी आहे. वरच्या खुणांवरून नुसत्या डोळ्यांनी निदान होत नाही. बुरशीनेही वार जाड, चामडी होते आणि ब्रुसेलानेही. शंभर गाभण गाईंत वर्षाला दोन ते पाच गाभडणं अनेक कळपांत दिसतं. त्याहून जास्त, किंवा थोड्या दिवसांत लागोपाठ दोन-तीन, म्हणजे चौकशी हवीच. मी तर म्हणेन पहिल्याच वासरापासून करावी, कारण दुसऱ्याची वाट पाहणं म्हणजे दुसरं गमावणं.

हातात लांब मोजे, तोंडाला मास्क, पायात गमबूट. गाय बाजूला बांधायची आणि स्राव थांबेपर्यंत, निदान तीन-चार आठवडे, बाकीच्या गाभण गाईंपासून दूर ठेवायची. वार पूर्ण मिळाली तर पूर्ण, नाहीतर दोन-चार चकत्या तरी स्वच्छ पिशवीत. वासरू अख्खं, दुहेरी पिशवीत. सोबत गाईच्या रक्ताचा नमुना. हे सगळं बर्फाच्या लाद्यांत गार ठेवून पोचवायचं, पण गोठवायचं नाही. गोठलं की पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. चिठ्ठीवर गाईचा बिल्ला क्रमांक, गाभण राहिल्याची तारीख, कोणत्या वळूचं वीर्य, अलीकडे कुठून जनावर आणलं, मुरघास कधी उघडला, हे लिहिलेलं असलं तर अर्धं काम सोपं होतं.

प्रयोगशाळेत वासराचं पोट उघडल्यावर सर्वांत आधी हात जातो तो त्याच्या जठराकडे. पोटातलं वासरू भोवतालचं पाणी सतत गिळत असतं. त्या पाण्यात जिवाणू असतील तर ते जठरात साठतात, आणि जठर बंद असल्यामुळे बाहेरच्या मातीशेणाची भेसळ तिथे पोचलेली नसते. निर्जंतुक सुईने तिथलं दोन-चार मिलिलिटर पाणी ओढलं की चांगला नमुना मिळतो. वारेवर गोठ्यातली निम्मी घाण चिकटलेली असते, तिथे दहा जिवाणू उगवतात आणि खरा कोण ते कळत नाही. जठरात मात्र एकच उगवला तर तो बहुधा खरा. दुसरा नमुना छातीतल्या पाण्याचा. आईची प्रतिपिंडं वार ओलांडत नाहीत हे वर आलंच. मग चीक न प्यायलेल्या वासराच्या अंगात लेप्टोविरुद्ध प्रतिपिंडं सापडली, तर ती त्याने स्वतः बनवलेली. म्हणजे लेप्टो त्याच्यापर्यंत पोचला होता, एवढं पक्कं.

इतकं सगळं करूनही चांगल्या प्रयोगशाळांत निम्म्याहून जास्त प्रकरणांत कारण सापडत नाही. वासरू कुजलेलं येतं, वार येतच नाही, किंवा गाभ पाडणारं कारण आठवड्यांपूर्वीच येऊन गेलेलं असतं. पण ‘ब्रुसेला नाही’ एवढं उत्तर मिळालं तरी ते मोलाचं. दूध, माणसं आणि उरलेला कळप, तिघांबद्दलचे निर्णय त्यावर ठरतात.

नमुने काढून झाल्यावर जे उरतं ते खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरायचं, पाण्याच्या जागेपासून लांब. भिजलेला चारा आणि पेंढा जाळून टाकायचा. मग जमीन आधी खरवडून, शेण काढून, त्यावर जंतुनाशक मारायचं. शेणावर नुसतं ओतलेलं औषध शेणातच संपतं. ब्रुसेला उन्हात काही तासांत मरतो, पण सावलीत, ओलाव्यात, विशेषतः थंडीत, कित्येक आठवडे टिकतो. आणि खड्डा खरंच खोल हवा. उथळ पुरलेली वार कुत्रं रात्रीतून उकरतं, तोंडात धरून ओढत नेतं, आणि सकाळी ती दुसऱ्याच गोठ्याच्या गव्हाणीपाशी पडलेली असते.